शेऱ्याचा रकाना

लसीकरणाच्या हॉलमध्ये सगळ्यात जास्त कोण रडतं असं कुणी विचारलं, तर मी बेधडक सांगते, बाप. बाळ रडतं ते अर्धा मिनिट. आई डोळे पुसते आणि डायपरची बॅग आवरायला लागते. बाप मात्र पार्किंगमध्ये जाऊन गाडीला टेकून उभा राहतो आणि पाठ फिरवून नाक शिंकरत राहतो. मेलबर्नच्या पश्चिमेला, वेरिबीच्या आसपासच्या हॉलांमध्ये मी एकवीस वर्षं लहान मुलांना लसी टोचल्या. आता निवृत्त होऊन दुसऱ्या राज्यात, टूवूंबाला, मुलाकडे राहते. इथे गाडीशिवाय कुठे जाता येत नाही आणि मला गाडी चालवायचा आता कंटाळा येतो. मग दिवसभर घरात बसून त्या हॉलची आठवण काढते. तिथल्या लादीला लावायच्या पॉलिशचा वाससुद्धा मला आठवतो.

काम दिसायला सोपं. सकाळी फ्रिजमधून लसी काढून एस्कीत भरायच्या. एस्की म्हणजे इथले लोक बीचवर बियर थंड ठेवायला नेतात तो डबा. आमचा जरा घरंदाज, आत थर्मामीटर असलेला. पारा दोनच्या खाली गेला तरी लस वाया, आठाच्या वर गेला तरी वाया. हॉलमध्ये टेबल मांडायचं, बाळाला आईच्या मांडीवर नीट धरायला लावायचं आणि टोचायचं. टोचायला तीन सेकंद लागतात. खरं काम त्याच्या आधी आणि नंतर. आधी आईबापांचं ऐकून घ्यायचं. नंतर त्यांना पंधरा मिनिटं बसवून ठेवायचं, बाळाला काही त्रास होत नाही ना ते बघायचं, आणि देशाच्या लसीकरण रजिस्टरमध्ये नोंद करायची. नोंद नाही म्हणजे लस दिलीच नाही, असं आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. ती नोंद पुरी नसेल तर मूल किंडरमध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत, घेत नाहीत.

टीममध्ये माझी एक खासियत होती. भारतातून आलेली लसीची कार्डं मला वाचता यायची. डॉक्टरांचं अक्षर, ब्रँडची नावं, कुपीवरून काढून चिकटवलेली लेबलं, वर एखादा हळदीचा डाग. माझं नर्सिंग मिरजेला झालेलं, त्यामुळे कुठे काय लिहिलं असेल ते अंदाजाने कळायचं. माझी सहकारी मरी असं कार्ड दिसलं की लांबूनच ओरडायची, ‘‘शीला, मेट, वन ऑफ युअर्स!’’ माझं नाव शैला. वीस वर्षं दुरुस्त करून मी दमले.

लसीवर विश्वास नसलेले लोकही पुष्कळ भेटले. त्यातला सगळ्यात चिवट आपलाच होता, पुण्याचा, आयटीतला. त्याने शंका एक्सेलमध्ये मांडून आणल्या होत्या, प्रत्येकीला नंबर देऊन. मी सगळ्यांची उत्तरं दिली. शेवटी बाळाला टोचून झाल्यावर तो हळूच म्हणाला, ‘‘काकू, बायकोला सांगू नका हं, मी जाम घाबरलो होतो.’’ शंका विचारणाऱ्याची मला कधी काळजी वाटली नाही. तो निदान समोर येऊन बसलेला असतो. माझ्या यादीत नाव असून जे यायचे नाहीत, त्यांची वाटायची.

मग कोविड आला. तुम्ही म्हणाल, आता ही बाई मोठ्यांच्या लसीबद्दल लिहिणार. त्याबद्दल सगळ्यांनी लिहून झालंय. बाळांच्या लसी त्या काळातही चालूच होत्या, हे मात्र फार जणांच्या लक्षात नाही. हॉलमध्ये खुर्च्या लांब लांब मांडल्या, जमिनीवर पट्ट्या चिकटवल्या. टोचताना मी साबणाचे फुगे फुंकायचे, त्यावर बंदी आली. तोंडावर मास्क, वर प्लास्टिकची ढाल, अशा अवतारात बाळांसमोर जायचं म्हणजे टोचायच्या आधीच भोकाड. आणि आधी वेळ घेतल्याशिवाय यायचं नाही, असा नियम झाला. वेळ घ्यायची ती ऑनलाइन, इंग्रजीतून.

दारात यादी घेऊन उभं राहायचं काम एके दिवशी माझ्याकडे होतं. ब्रह्मदेशातून आलेली एक बाई दोन मुलांना घेऊन आली. एक पाठीशी बांधलेलं, एक हाताशी. नवीन वस्तीतून चालत आली होती, तिकडे बस जात नाही. यादीत तिचं नाव नव्हतं. मी फोनवर वेबसाइट उघडून तिला दाखवली, बोटांनी खुणा करून सांगितलं, बुक करून ये. तिने मान हलवली, हसली आणि गेली. आत त्या वेळी दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. ती परत आली नाही. पुढे कितीतरी दिवस मी दुकानात तसं पाठीशी बांधलेलं मूल दिसलं की चेहरा बघायला पुढे जायचे.

पण मला सांगायचं आहे ते ओवीबद्दल.

ओवी म्हणजे प्राजक्ता आणि निखिल यांची मुलगी. दोघं आयटीत, वर्किंग व्हिसावर येऊन इथे स्थिरावलेले. निखिलचं गाव कृष्णाकाठचं, कराडच्या अलीकडे. ओवीच्या पहिल्या तिन्ही वेळच्या लसी मीच दिल्या आणि तिन्ही वेळा ती हॉल दणाणून रडली. सहाव्या महिन्याची लस देतानाच पुढची, बाराव्या महिन्याची वेळ घेऊन ठेवायची माझी सवय होती. तशी घेतली.

प्राजक्ता तेव्हा म्हणाली, ‘‘काकू, आम्ही डिसेंबरात इंडियाला चाललोय. माझी लीव्ह संपतेय, चाइल्डकेअरमध्ये जागा नाहीये. तर ओवीला तीन महिने निखिलच्या आबा-आईंकडे ठेवणार. पाडव्यानंतर ते दोघं तिला घेऊनच येतील. तिकिटं पण झालीत. तिकडे नवव्या महिन्यात गोवराची लस देतात ना? ती देऊन टाकू का?’’

‘‘कशाला?’’ मी म्हटलं. ‘‘बाराव्या महिन्याला इथेच देऊ की. उगाच दोन देशांचा घोळ नको.’’

हे वाक्य माझं. प्रवासाला जाणाऱ्या बाळाला ती लस लवकर देता येते, द्यावीच, हे मला माहीत होतं. पण इथलं कार्ड सुटसुटीत दिसावं, असा माझ्यातल्या कारकुनाचा हट्ट. अशा किती पोरांना मी दोन वेळापत्रकांच्या मधल्या फटीत ठेवलं असेल, कोण जाणे.

पाडव्याच्या आधीच सीमा बंद झाल्या. आजी-आजोबांना यायची परवानगी नाही, बाळाला एकटं पाठवता येत नाही, आणि आईबाप गेले तर परत येता येईल याची खात्री नाही. तीन महिन्यांचे सहा झाले. बाराव्या महिन्याची वेळ आली त्या दिवशी मी यादीत ओवीचं नाव पाहिलं आणि ते खोडायला पेन उचललं, तोच दारातून प्राजक्ता आत आली. एकटी. हातात ओवीचं हिरवं पुस्तक होतं, बाळाच्या जन्मापासूनच्या सगळ्या नोंदी असतात ते.

ती पट्टीवरच्या खुर्चीत बसली. मी विचारलं, ‘‘अगं, ओवी आली?’’

‘‘नाही.’’

‘‘मग?’’

‘‘मला कॅन्सल करताच आलं नाही, काकू. तीनदा ओपन केलं. ते विचारतं, आर यू शुअर? मी नाही ना शुअर.’’

मला तिला जवळ घ्यायचं होतं. दीड मीटरचा नियम होता. मी मास्कमधून काहीतरी बोलले आणि तिला बाळांच्या आयांसारखी पंधरा मिनिटं बसू दिली. मग नर्सचा स्वभाव, काहीतरी कामाचं करावं म्हणून मी एक कागद घेतला. ओवीला कोणत्या लसी द्यायच्या राहिल्या आहेत, त्याची मराठीत यादी लिहिली, नीट नंबर घालून. म्हटलं, ‘‘याचा फोटो आबांना पाठव. ते तिथे देऊन घेतील. मला कार्डाचा फोटो दाखव, मी इथे नोंद करते. काही शंका असेल तर त्यांना माझ्याशी थेट बोलू दे.’’

आबा म्हणजे निखिलचे वडील. आयुष्यभर ग्रामसेवक होते. महिन्याभरात फोटो आला. काय ते अक्षर! शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहावा तसं. एकेका ओळीत लसीचं नाव, तारीख आणि कडेला सही. प्राजक्ताने तो फोटो मला दाखवला तेव्हा तिचे डोळे मास्कच्या वर हसत होते. ‘‘बघा, आबांनी एकही सोडली नाही.’’ मी तिच्यासमोर बसून एकेक नोंद रजिस्टरमध्ये केली. त्या दिवशी ती पहिल्यांदा नीट जेवली, असं निखिलने नंतर सांगितलं.

पुढचा डोस अठराव्या महिन्याचा. त्याचा फोटो यायला फार उशीर झाला. आला तेव्हा ओवी पावणेदोन वर्षांची झाली होती आणि व्हिडिओ कॉलवर आईकडे पाहून ‘फोनमधली आई’ म्हणत होती. मी तो फोटो मरीला कौतुकाने दाखवला. म्हटलं, बघ, एवढ्या साथीत आमच्या खेडेगावात कसं काम चाललंय. जुना-नवा दोन्ही फोटो दाखवले. मरीने नावं विचारली, मी वाचून दाखवली. मेनिंजायटिसच्या लसीचं नाव आल्यावर ती म्हणाली, ‘‘ओह, दे डू दॅट वन टू? गुड ऑन देम.’’

माझ्या हातातला फोन तसाच राहिला. ती लस तिथल्या सरकारी वेळापत्रकात नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ती मिळणं अवघडच. मी पुन्हा पाहिलं. कार्डावरच्या लसींचा क्रम तिथला नव्हता, माझ्या यादीतला होता. एक, दोन, तीन. ग्रामसेवकाने माझ्या यादीची नक्कल केली होती, आणि चांगला कारकून नक्कल करताना काही गाळत नाही. मी मिरजेची, कार्डं वाचण्यात तरबेज म्हणवणारी, मला सहा-सात महिने हे दिसलं नव्हतं. प्राजक्ताचे डोळे बघत मी नोंदी केल्या होत्या.

दुपारी पार्किंगमध्ये गाडीत बसून मी आबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. आबा ओट्यावर बसले होते, मागे ओवी कोंबड्यांच्या मागे पळत होती. मी ओळख सांगितली. कार्डाचं नाव काढल्याबरोबर ते उठून आत गेले, दार लावलं आणि म्हणाले, ‘‘सिस्टर, तुम्हाला कळलं.’’

‘‘एक तरी दिली का, आबा?’’

‘‘नाही.’’

मला राग आला होता. म्हटलं, ‘‘तुमचा लसीवर विश्वास नाही का?’’

‘‘काय बोलता सिस्टर! पोलिओच्या बूथवर किती वर्षं बसलो मी. जी घरं दार उघडत नव्हती, तिथं मी माझ्या नातवंडांना आधी पाजून दाखवलंय. दवाखान्यात गेलो होतो. पोरीला स्कूटरवर पुढं उभी करून. गेटवर हीऽ गर्दी. खोकणारी माणसं. कुठं लसीची रांग, कुठं तपासणीची, सांगायला कोण नाही. गेटवरनंच माघारी आलो. पुन्हा गेलो तर सत्र रद्द. पुन्हा गेलो तर नर्सबाई कोविडच्या ड्युटीवर. सूनबाई रोज विचारायची, आबा, दिली का? तिचं तोंड बघवायचं नाही. एक दिवस हो म्हणालो. मग तिनं कार्ड मागितलं.’’

गेटवरनंच माघारी. मला पाठीशी मूल बांधलेली ती बाई आठवली. तिला मी माघारी पाठवलं होतं, स्वच्छ हॉलच्या दारातून, हातात यादी घेऊन. मग आबांवर रागवायचं तोंड मला राहिलं नाही.

मी त्यांना समजावलं. बाकीच्या लसी राहू द्या, गोवराची तेवढी द्या, त्या आजाराशी खेळ नको. गावातल्या आशाताईला विचारून बुधवारच्या सत्राची खात्री करून घ्या. ते हो म्हणाले. आणि म्हणाले, ‘‘एक मागतो. सूनबाईला मी सांगणार. पण समक्ष. ती आली की तिच्यासमोर बसून. फोनवर नको. तिला वाटेल, लेक माझ्याकडं टाकली आणि मी तिला फसवलं.’’

मी शब्द दिला. तो देताना मला वाटलं, दोन आठवड्यांचा प्रश्न आहे. आबांनी लस दिली की जुन्या नोंदी गुपचूप दुरुस्त करू.

मी दोनदा विचारलं, झालं का. एकदा उत्तर आलं, ‘बुधवारी जातो.’ दुसऱ्यांदा नुसते जोडलेले हात. मग पाडव्याच्या शुभेच्छा आल्या, गुढीचा फोटो, गुढीखाली झालर लावलेल्या फ्रॉकमध्ये ओवी. त्यानंतर गावाकडची दुसरी लाट. आबांना दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला, आणि महिना संपायच्या आत ते गेले. निखिल आणि प्राजक्ताने ते सगळं फोनवर पाहिलं. मी त्यांच्या घराबाहेर डब्यात पिठलं-भात ठेवून आले. आत जायचा धीर झाला नाही.

आता कार्ड खोटं आहे, हे जगात मला एकटीलाच ठाऊक होतं. मी नोंद तेव्हाच रद्द करायला हवी होती. केली नाही. आज करू, उद्या करू. ज्या बाईला आपल्या नियमांनी सासऱ्याच्या अंत्यविधीलाही जाऊ दिलं नाही, तिला हे कसं सांगायचं? तोवर ओवी तिकडे बिनालसीची, आणि इथे आमच्या रजिस्टरमध्ये अगदी नीटनेटकी. इतकी मोठी लबाडी मी नोकरीत दुसरी केली नाही.

वर्षाच्या शेवटी सीमा उघडल्या. निखिल जाऊन ओवीला घेऊन आला. आजी मात्र घर, जमिनीची कागदपत्रं आणि व्हिसाच्या भानगडीत मागे राहिल्या. पुढच्याच आठवड्यात प्राजक्ता तिला हॉलवर घेऊन आली. ‘‘लस नाही काकू, नुसती दाखवायला आणलीय.’’ ओवी अडीच वर्षांची, दोन वेण्या, मनगटात काळा दोरा. आमच्याकडची सगळी मुलं इंग्रजीत उत्तरं देतात. हिने माझ्याकडे वरून खालपर्यंत बघून विचारलं, ‘‘ही बाई कोन हाय? हिच्या तोंडाला काय झालंय?’’ मी मास्कच्या आत हसले आणि त्याच वेळी मला रडूही आलं. ती पोर दोन पावलांवर उभी होती, आईचा ड्रेस न धरता. पाहुणीसारखी.

प्राजक्ता म्हणाली, ‘‘किंडरला पण अॅडमिशन झाली. तुम्ही नोंदी केल्या होत्या म्हणून. आबांचं ते कार्ड मी लॅमिनेट करणार आहे.’’

तिथे मी तोंड उघडलं. ‘‘प्राजक्ता, त्या नोंदी रद्द कराव्या लागतील. ओवीला सगळ्या लसी पुन्हा देऊ. जास्त झाल्या तरी अपाय नाही.’’

‘‘का? आबांनी दिल्यात ना?’’

‘‘चूक माझी आहे. फोटोवरून नोंद करायला नको होती. नीट तपासलं नाही मी.’’

‘‘पण काय चुकलं? कार्ड खोटं आहे का?’’

मला शब्द आठवला. समक्ष सांगणारा माणूस आता नव्हता. मी म्हटलं, ‘‘माझी नोंद खोटी आहे.’’ यात खोटं काहीच नव्हतं.

ती उभी राहिली. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. ‘‘काकू, दीड वर्षं मी रोज तुमच्या एका वाक्यावर झोपलेय. की निदान तेवढं तरी झालंय. आणि तुम्ही आज सांगताय, तुम्ही नीट बघितलंच नव्हतं?’’ तिने ओवीचा हात धरला. ओवीने सोडवून घेतला. मग तिने तिला उचललं आणि ती गेली.

ओवीच्या सगळ्या लसी पुढे एका जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, दिल्या. मी मॅनेजरला लेखी कळवलं, माझ्यावर ठपका आला. तेवीस-चोवीस वर्षांच्या पोरींबरोबर नोंद कशी करावी याच्या वर्गाला पुन्हा बसले, आणि परीक्षेत पहिली आले, हे सांगायचा मोह आवरत नाही. दोन वर्षांनी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मरीने मला साबणाच्या फुग्यांची बंदूक दिली, बॅटरीवर चालणारी. हजारो आया माझ्या समोर बसून गेल्या, पण त्या दिवशी मी दाराकडे बघत होते ती एकीसाठी. ती आली नाही. वेरिबीत कुठे गणपतीला, कुठे किराणा दुकानात ती लांबून दिसायची, मान वळवायची. ओवी वाढत होती, आईचं बोट धरून चालायला लागली होती. मला तेवढं लांबून पुरायचं, असं मी स्वतःला सांगायचे. पुरत नव्हतं.

यंदा उन्हाळ्यात टूवूंबाला फोन वाजला. प्राजक्ता. चार वर्षांनी.

‘‘काकू, आई आल्यात इंडियाहून, कायमच्या. आबांची फाइल घेऊन आल्यात. त्यात एक कागद आहे. तुम्हाला फोटो पाठवलाय. बघा आणि मग बोला.’’

फूलस्केप कागद, उभ्या रेघा पट्टीने मारलेल्या. वर ठळक अक्षरात ‘मेलबर्न येथील सिस्टर यांच्या यादीची खरी नक्कल’. खाली माझी यादी, माझ्याच क्रमाने. शेवटचा रकाना ‘शेरा’. ग्रामसेवक कार्डावर खोटं लिहू शकला, पण ऑफिस कॉपीत त्याला ते जमलं नव्हतं. त्या रकान्यात तारखांसकट सगळं होतं. ‘गेटवरून परत. गर्दी.’ ‘सत्र रद्द.’ ‘नर्सबाई ड्युटीवर.’ मग, ‘कार्डावर दिले असे लिहिले. गंभीर चूक.’ आणि सगळ्यात खाली, पाडव्याच्या आधीच्या बुधवारची तारीख. ‘गोवर. आज दिला. उजवा दंड. रडली नाही. सूनबाई आल्यावर समक्ष सांगणे. नंतर सिस्टरना कळवणे.’

मी तारखेकडे पाहत राहिले. पाडव्यानंतरच्या आठवड्यात आबांना ताप आला होता. मी बोटांवर दिवस मोजले. त्या रांगेत त्यांना मीच पाठवलं होतं. फोन लावला आणि हॅलोच्या आधी ती तारीखच माझ्या तोंडून निघाली. प्राजक्ताला कळलं असावं.

‘‘काकू, मोजू नका. मी मोजून झालेय. ते दुधाला रोज बाजारात जायचे, मास्क हनुवटीला लावून. लागण कुठे झाली कुणाला ठाऊक? पण तुम्ही मला सांगितलं का नाहीत तेव्हा?’’

‘‘त्यांना समक्ष सांगायचं होतं.’’

‘‘आणि मी तुम्हाला इतकं बोलले.’’

‘‘बोलायलाच हवं होतंस. मी नोंद केली होती.’’

मागून ओवीचा आवाज आला, ‘‘मम्मा, हू इज इट?’’ प्राजक्ता तिला म्हणाली, ‘‘तुझ्या सिस्टर आहेत. बोल.’’ ओवी फोनवर आली आणि मेलबर्नच्या मुलांसारखं ‘हाय’ म्हणाली. कोंबड्या, ओटा, ‘कोन हाय’ सगळं गेलं होतं. तिला आबा आठवतात का, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं. मी शाळेचं विचारलं.

ही हकिगत लिहायला प्राजक्ताची परवानगी आहे. नावं बदलली आहेत. आबांना मी फक्त आबाच म्हटलंय, ते तेवढ्याने ओळखू येणार नाहीत आणि त्यांना चालेल.

एक काम मात्र राहिलं आहे. ओवीच्या सगळ्या नोंदी आता पूर्ण आहेत, जीपीने दिलेल्या लसींच्या. आबांनी दिलेली ती एक मात्र कुठेच नाही. माझ्याकडे आता रजिस्टरचा पासवर्ड नाही, आणि असता तरी फूलस्केपच्या फोटोवरून मी नोंद केली नसती, तेवढं शिकले. पण नोंद नाही म्हणजे लस दिलीच नाही, हे माझ्या अंगात मुरलेलं आहे, झोप लागू देत नाही. म्हणून ती इथे करते. ओवी, वय एक वर्ष अकरा महिने. गोवर, पहिला डोस, उजवा दंड. सोबत आजोबा. शेरा: रडली नाही.